ओळखीचा चोर जीवे न सोडी: पहिल्या वर्षाचे इंग्रजी शब्द

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘काकू, मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी आयईएल्टीएस, म्हणजे परदेशी शिकायला जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, द्यायचा विचार आहे. क्लासमधून कॉलेजजीवनावरच्या तीनशे शब्दांची यादी मिळाली. फ्रेशमन, सोफोमोर, डॉर्मिटरी, ओरिएंटेशन, सगळ्यांचे अर्थ पाठ आहेत. तरी बोलायला बसले की एकही शब्द तोंडातून निघत नाही. लिहिलं तर लाल खुणा नेमक्या त्याच शब्दांखाली येतात जे मला पूर्वीपासून येतात. आणखी मोठी यादी घेऊ का?’

नको गं. आहे त्याच यादीचे दोन ढीग कर. एका ढिगात यादीतच पहिल्यांदा भेटलेले शब्द. दुसऱ्यात तू घरी, सिटी बसमध्ये, कँटीनमध्ये रोज वापरतेस ते. तुझं दुखणं दुसऱ्या ढिगात आहे. बावीस वर्षं मी इंदुरात इंग्रजी शिकवते आहे. आधी भंवरकुआच्या क्लासेसमध्ये शिकवायचे, आता घरच्याच पुढच्या खोलीत. ‘सोफोमोर’ न आल्यामुळे कुणाचे गुण गेलेले मी जवळपास पाहिले नाहीत. गुण जातात ते ट्युशन, हॉस्टेल, फॅकल्टी, ॲडमिशन, पासआउट यांच्यावर. हे शब्द आपण कधी शब्दकोशात बघतच नाही ना. ओळखीचा चोर जीवे न सोडी म्हणतात, तो हाच.

पासआउटपासून सुरुवात करते, कारण त्याने मला एकदा चांगलंच हसवलं होतं. तोंडी सरावात एका मुलाला घरच्यांबद्दल विचारलं. तो आत्मविश्वासाने म्हणाला, ‘माय ब्रदर पास्ड आउट इन ट्वेंटी नाइन्टीन.’ मी विचारलं, ‘अरे बापरे, मग शुद्धीवर कधी आला?’ बिचारा गोंधळला. इंग्लंड-अमेरिकेत साध्या बोलण्यात ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणं. पदवी घेणं म्हणजे ‘ग्रॅज्युएट’, आणि तेही ‘ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ असं, मध्ये ‘फ्रॉम’ हवाच. लष्करात मात्र ‘पासिंग आउट’ चोख आहे. खडकवासल्याला एनडीएत पासिंग आउट परेड होते, तिथे कुणी बेशुद्ध पडत नाही. कदाचित तिथूनच तो आपल्या कॉलेजांत शिरला असेल. मला तसं वाटतं, एवढंच.

दुसरा चोर घरातला म्हातारा आहे: मॅट्रिक. आपल्या आजोबांच्या पिढीत ‘नॉन-मॅट्रिक’ हा शिक्का होता. मॅट्रिक म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, हे आपल्या हाडीमासी खिळलंय. इंग्रजीत ‘मॅट्रिक्युलेट’ म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव चढणं. मूळ लॅटिन शब्द ‘मॅट्रिक्युला’, म्हणजे नावांची नोंदवही. ऑक्सफर्डला नव्या विद्यार्थ्यांचा मॅट्रिक्युलेशनचा समारंभ असतो, तो शिक्षण सुरू होताना. म्हणजे आपल्याकडे जे दार बाहेर पडायचं, तेच तिकडे आत शिरायचं. वाचनाच्या उताऱ्यात ‘शी मॅट्रिक्युलेटेड इन सप्टेंबर’ दिसलं आणि तू ‘सप्टेंबरात शाळा संपली’ असं धरलंस, तर खालचे दोन-तीन प्रश्न एकदम कोसळतील.

मग ‘फ्रेशर’. इंदुरात सिनियर मुलं फ्रेशर्स पार्टी देतात तेव्हा फ्रेशर म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, हे ब्रिटिश अर्थाशी जुळतं. तिथे नव्या सत्राच्या सुरुवातीला ‘फ्रेशर्स वीक’ असतो. पण तीन वर्षांनी तूच नोकरीचा अर्ज करशील तेव्हा ‘फ्रेशर’ म्हणजे अनुभव नसलेला उमेदवार होतो. हा दुसरा अर्थ आपल्या देशातला. परदेशी परीक्षकापुढे ‘ॲज अ फ्रेशर आय ॲम लुकिंग फॉर अ जॉब’ म्हटलंस तर त्याला वाटेल, ही पोर कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात नोकरी का शोधते आहे. ‘अ रीसंट ग्रॅज्युएट’ म्हण. आत्ता तू पहिल्या वर्षाला आहेस, तर सरळ ‘फर्स्ट-इयर स्टुडंट’ म्हण. तो शब्द कुठेच अडत नाही.

‘फ्रेशमन’ अमेरिकन आहे. तिथे चार वर्षांची चार नावं: फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनिअर, सीनिअर. यात एक खाच आहे, जी याद्यांमध्ये सहसा नसते. हीच चार नावं तिथल्या हायस्कूललाही लागतात, नववीपासून. म्हणून उताऱ्यात फ्रेशमन दिसला की लगेच कॉलेज धरू नकोस, मुलाचं वय किंवा शाळेचं नाव कुठे आलंय का बघ. शिवाय ‘मन’ म्हणजे पुरुष, म्हणून बऱ्याच अमेरिकन विद्यापीठांनी आता स्वतःच ‘फर्स्ट-इयर’ वापरायला सुरुवात केली आहे. सोफोमोरची गंमत अशी की लोक त्याची फोड ग्रीक ‘सोफोस’ म्हणजे शहाणा आणि ‘मोरोस’ म्हणजे मूर्ख अशी करतात. शब्दाचा खरा उगम ‘सॉफिझम’च्या (वरवर पटणारा फसवा युक्तिवाद) जुन्या रूपात आहे, पण ती फोड लोकांना इतकी पटली की ‘सोफोमोरिक’ या विशेषणाचा अर्थ तसाच रुळला. त्याला मराठीत तयार शब्द आहे: दीडशहाणा. एवढं लक्षात ठेवलंस की दोन्ही शब्द जन्मभर सुटणार नाहीत.

आता ट्युशन, हॉस्टेल, फॅकल्टी. ‘मी ट्युशनला जाते’ हे आपलं रोजचं. अमेरिकेत ट्युशन म्हणजे शिकवण्याची फी. ‘ट्युशन हॅज गॉन अप’ म्हणजे फी वाढली, क्लासेस वाढले नाहीत. ब्रिटनमध्ये ट्युशन म्हणजे शिकवणी खरी, पण शेवटी ‘एस’ लावून ‘ट्युशन्स’ करायचं नाही. हॉस्टेल हा शब्द परदेशी माणसाला पाठीवर पिशवी घेऊन हिंडणाऱ्यांची स्वस्त मुक्कामाची जागा वाटतो. विद्यार्थी राहतात ते ब्रिटनमध्ये ‘हॉल्स ऑफ रेसिडेन्स’ किंवा नुसतं ‘हॉल्स’, अमेरिकेत ‘डॉर्म’. आणि ब्रिटिश माणूस ‘डॉर्मिटरी’ म्हणाला तर त्याच्या डोळ्यांपुढे बरेच पलंग मांडलेली एकच मोठी खोली येते. फॅकल्टीचं आपण सगळ्यात वाईट केलंय. ‘अवर अकाउंट्स फॅकल्टी इज ऑन लीव्ह’ म्हणजे आपल्याला एक सर सुट्टीवर आहेत असं सांगायचं असतं. ब्रिटिश वापरात फॅकल्टी म्हणजे विद्याशाखा, अमेरिकेत सगळे अध्यापक मिळून. एकट्या सरांसाठी ‘लेक्चरर’ किंवा ‘अ मेंबर ऑफ द फॅकल्टी’.

रॅगिंगबद्दल बोलायची वेळ आली तर जपून. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २००९ चे रॅगिंगबंदीचे नियम आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत, पण अमेरिकेत या छळाला ‘हेझिंग’ म्हणतात. ब्रिटनमध्ये तर ‘रॅग वीक’ म्हणजे विद्यार्थ्यांनी सोंगं घेऊन, खेळ करून धर्मादाय निधी जमवण्याचा आठवडा. तिथे ‘आय ॲम अगेन्स्ट रॅग’ म्हटलंस तर तू गरिबांना मदत करण्याच्या विरोधात आहेस असं होईल.

नामांचं हे झालं. पण माझं खरं भांडण क्रियापदांशी आहे, आणि तू विचारलेल्या लाल खुणांतल्या निम्म्या तरी तिथल्या असणार, पैज लाव.

मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतो. इंग्रजीत बरोबर उलटं: विद्यार्थी ‘टेक’ करतो, शिक्षक ‘गिव्ह’ करतो. ब्रिटिश मुलं ‘सिट ॲन एग्झॅम’ही म्हणतात. आपण मराठीत विचार करून ‘आय गेव्ह माय एग्झॅम’ म्हणतो आणि वाक्यात एका क्षणात प्राध्यापक होऊन बसतो. हिंदीतही परीक्षा देतातच, त्यामुळे इंदुरात ही चूक दोन्ही बाजूंनी पक्की झाली आहे; पुण्याच्या मुलाला एकाच भाषेचा धक्का बसतो, आपल्याला दोन भाषांचा.

फी आपण भरतो आणि फॉर्मही भरतो. इंग्रजीत फॉर्म ‘फिल इन’ होतो, फी ‘पे’ होते. ‘आय फिल्ड माय फीज’ मी दर वर्षी एकदा तरी वाचते. ॲडमिशन आपण घेतो, म्हणून ‘आय टुक ॲडमिशन’. बाहेर ‘आय गॉट इन्टू’ अमुक कॉलेज, किंवा ‘आय एनरोल्ड’. इंदुरात आपण हिंदीच्या सवयीने ‘फॉर्म टाकला’ म्हणतो, तिथे ‘आय अप्लाइड’ एवढं पुरे. शाळेत वहीला कॉपी म्हणायची सवय लागलेली असते आणि महाराष्ट्रातल्या मावसभावाकडे कॉपी म्हणजे परीक्षेतली चोरी. इंग्रजीत ‘आय फरगॉट माय कॉपी’ या वाक्यातून दोन्हींपैकी काहीच कळत नाही. वही म्हणजे ‘नोटबुक’, चोरी म्हणजे ‘चीटिंग’.

मागे राहिलेला विषय आपण ‘एटीकेटी’ म्हणतो आणि पुष्कळांना तो इंग्रजी शब्दच वाटतो. अलाउड टू कीप टर्म्स, असं त्याचं लांबलचक रूप आहे. परदेशी परीक्षकाला ते कळणार नाही. ‘आय हॅड टू रीटेक वन सब्जेक्ट’, ब्रिटिश हवं तर ‘रीसिट’. डे स्कॉलरचंही, म्हणजे हॉस्टेलवर न राहता घरून ये-जा करणाऱ्याचंही, तसंच. तू सुदामा नगरातून किंवा लोकमान्य नगरातून रोज खंडवा रोडला कॉलेजात जाणारी असशील तर ‘आय लिव्ह ॲट होम ॲन्ड कम्यूट’ म्हण.

म्हणून माझा नियम असा की नाम एकटं वहीत यायचं नाही. त्याच्याबरोबर क्रियापद आणि पुढचा छोटा शब्द धरूनच लिहायचं. ‘स्कॉलरशिप’ लिहू नकोस, ‘अप्लाय फॉर अ स्कॉलरशिप’ लिही. ‘डेडलाइन’ नको, ‘मीट अ डेडलाइन’ आणि ‘मिस अ डेडलाइन’. ‘असाइनमेंट’ला ‘हँड इन’ जोड. ‘ड्रॉप आउट ऑफ कॉलेज’ म्हणजे शिक्षण सोडणं, ‘ड्रॉप अ कोर्स’ म्हणजे एकच विषय सोडणं. ‘आउट ऑफ’ एवढाच फरक, आणि त्यात माणसाचं भविष्य बदलतं. ‘अटेंड’च्या पुढे ‘टू’ येत नाही, ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ येत नाही. ‘मेजर इन कॉमर्स’ हा शब्द तर आता आपल्या घरी आला आहे. मध्य प्रदेशात नवीन शिक्षण धोरण २०२१-२२ पासून लागू झालं तेव्हापासून तुझ्या प्रवेशाच्या फॉर्मवरच मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) आहेत. फक्त ‘इन’ विसरू नकोस. आयईएल्टीएसच्या बोलण्याच्या चार निकषांपैकी एक शब्दसंपदेचा, म्हणजे बोलण्याचे पाव हिस्सा गुण तिथेच. त्या निकषाच्या वरच्या पायऱ्यांवर शब्दांच्या या जोड्यांचा, त्यांच्या भाषेत ‘कोलोकेशन’चा, स्पष्ट उल्लेख आहे. अवघड शब्द किती वापरले याची मोजणी तिथे कुणी करत नाही.

ऐकण्याच्या परीक्षेचं दुखणं वेगळं आहे, त्याला फार जागा देत नाही. चार भाग, चाळीस प्रश्न, ध्वनिमुद्रण एकदाच. तिसऱ्या भागात बहुतेक वेळा विद्यार्थी आणि शिक्षक, किंवा विद्यार्थी-विद्यार्थी बोलत असतात, म्हणजे हाच सगळा शब्दसंग्रह. तिथे स्पेलिंग चुकलं की गुण गेला. ‘अकॉमोडेशन’मध्ये सी दोन, एम दोन, हे एक स्पेलिंग मी मुलांकडून डोळे मिटून लिहून घेते. ‘एनरोल’ एका एलने लिहिलंस तरी चालतं, अमेरिकन पद्धतीने दोन एलने लिहिलंस तरी चालतं. आणि ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘होमवर्क’ यांना ‘एस’ चिकटवायचा नाही. बस, झालं.

तुझ्या यादीत नसणार असा एक भाग मात्र सांगायला हवा. कॉलेजवर निबंध आला की मुलं कॅम्पस, लेक्चर, हॉस्टेल यांचीच माळ ओढतात आणि वाक्य पुढे सरकत नाही. कारण निबंध चालतो तो दुसऱ्या प्रकारच्या शब्दांवर: रिक्वायर, बेनिफिट, अव्हेलेबल, अप्रोच, असेस. न्यूझीलंडमध्ये ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये अशा शब्दांची यादी केली. विद्यापीठातल्या सर्व शाखांच्या लेखनात पुन्हापुन्हा येणारी ५७० शब्दकुटुंबं (एक शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब), दहा छोट्या याद्यांत वाटलेली, सगळ्यात जास्त वापरातली पहिल्या यादीत. तुझ्या तीनशेमधले शंभर शब्द खुशाल फाडून टाक आणि त्या जागी यातल्या पहिल्या दोन याद्या घे. पहिल्या वर्षाच्या आधार पाठ्यक्रमात, म्हणजे फाउंडेशन कोर्समध्ये, इंग्रजी आहेच, त्याच्या उताऱ्यांतही हे शब्द तुला पानोपानी भेटतील. तिथेच खुणा कर, वेगळं पुस्तक घेऊ नकोस.

आता पाठांतराबद्दल. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने स्वतःवरच प्रयोग केला: ज्यांना काही अर्थ नाही असे अक्षरगट पाठ करायचे आणि किती काळाने किती विसरतो ते मोजायचं. विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने होतं, मग मंदावतं. मला त्याची आठवण येते कारण तीनशे शब्द उभ्या ओळीत घोकणारी मुलगी तेच करत असते, फरक इतकाच की तिच्या अक्षरगटांना अर्थ असतो आणि ती तो बाजूला ठेवते.

म्हणून तुला मी वेगळं काम देते. तुझं पहिलं वर्ष हीच तुझी वही. प्रवेशाचा दिवस, पहिला आठवडा, पहिली असाइनमेंट, परीक्षा, निकाल. असे पाच प्रसंग घे. प्रत्येकावर आठ वाक्यं, खरी घडलेली. छप्पन दुकानला मैत्रिणींबरोबर पोहे-जिलबी खायला लेक्चर बुडवलं असशील तर तेही लिही. ‘स्किप अ लेक्चर’ त्यातूनच पक्कं होईल, ‘बंक’पेक्षा ते परीक्षकाला बरं कळतं. नवीन मुलींशी ओळख झाली ते ‘मेक फ्रेंड्स’, त्यात ‘विथ’ लागतो. अकाउंट्समध्ये मागे पडलीस ते ‘फॉल बिहाइंड’, भरून काढलंस ते ‘कॅच अप’. उज्जैन-देवासहून आलेल्या रूमवर राहणाऱ्या मैत्रिणीला पहिले पंधरा दिवस घरची आठवण येत होती, ती ‘होमसिक’, आणि मग रुळली ते ‘सेटल इन’. ‘सेटल’ म्हटलं की आपल्या घरात लग्न आणि नोकरी आठवते, ते इथे नको.

या वाक्यांतून चिठ्ठ्या कर. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला अर्थ नको, तुझंच वाक्य मधला शब्द गाळून. मागे तो शब्द. जुन्या मिठाईच्या खोक्यात तीन कप्पे कर. नवीन चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात, त्या रोज. बरोबर आली की दुसऱ्यात, ती तीन दिवसांनी. पुन्हा बरोबर आली की तिसऱ्यात, आठवड्याने. चुकली की कितीही पुढे गेलेली असो, परत पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन गृहस्थांनी १९७० च्या दशकात ही खोक्याची रीत लोकांपुढे मांडली, त्यांचे कप्पे जास्त होते. मोबाइलवरची ॲप्सही हेच करतात, पण माझा अनुभव असा की मोबाइल हातात घेतला की दहाव्या चिठ्ठीला रील्स सुरू होतात. दिवसाला सहा-सात नव्या चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या. वीस करणारी मुलं दुसऱ्या आठवड्यात खोकं माळ्यावर ठेवतात.

आणि ते बोलताना काही सुचत नाही म्हणतेस ना, त्याला उपाय सरळ आहे. आयईएल्टीएसच्या बोलण्याच्या परीक्षेत दुसऱ्या टप्प्यात एक मिनिट विचाराला आणि एक ते दोन मिनिटं बोलायला मिळतात. आपल्या पाचांपैकी एका प्रसंगावर रोज रात्री घड्याळ लावून दोन मिनिटं बोल, मोबाइलवर ध्वनिमुद्रित कर आणि सकाळी ऐक. आईला ऐकवू नकोस, ती कौतुक करेल.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी सांगते. पुढच्याच वर्षी परीक्षा कशाला? आयईएल्टीएसचा निकाल साधारण दोनच वर्षं धरला जातो. तुला पदवीनंतर बाहेर जायचं असेल तर पुढच्या वर्षी दिलेल्या परीक्षेचा निकाल ऐन अर्जाच्या वेळी शिळा होऊ शकतो आणि फी पुन्हा भरावी लागेल. पे करावी लागेल, हं. शेवटच्या वर्षापर्यंत थांब, तोपर्यंत खोकं चालू ठेव. एखाद्या सत्रासाठी बाहेर जायची संधी कॉलेजातून मिळत असेल तर गोष्ट वेगळी, मग तारखा दाखव, बसून ठरवू.

रविवारी पोह्यांनंतर ये. प्रवेशाच्या दिवसाची आठ वाक्यं घेऊन ये. त्यात ‘टुक ॲडमिशन’ सापडलं तर चहा तू करायचास.